निळं पडणं

गिरण्यांचा संप संपल्याचं कुणी आम्हाला येऊन सांगितलं नाही. तो नुसता विरत गेला, आणि बाबा घरी बसले ते बसलेच. आम्ही तेव्हा भांडुपला राहायचो, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका बैठ्या चाळीत. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं कोकणातली आणि पुरुष बहुतेक गिरणीतले. त्यामुळे त्या काळात भर दुपारी चाळीच्या ओट्यांवर बापेमाणसं बसलेली दिसायची, आणि त्यांना तिथे बसलेलं बघायची आम्हा मुलांना सवय नव्हती. काहीजण गावी परत गेले. काहींनी हातगाड्या लावल्या. बाबांना बऱ्याच खटपटीनंतर चाळीच्या मागच्याच कारखान्यात हेल्परची जागा मिळाली. कापडाच्या रंगांना लागणारा कच्चा माल तिथे तयार व्हायचा. बाबा म्हणायचे, "आधी कापड विणायचो, आता रंगाच्या मागे लागलो. धंदा तोच."

आईला त्या नोकरीचं फार कौतुक होतं. गिरणीला जायला बाबांना पहाटे घर सोडावं लागायचं. आता ते दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला येत. गरम भात वाढता येतो याचंच तिला समाधान.

कारखान्याला एक वास होता. बुटाच्या पॉलिशसारखा, जरा गोडसर, मागून कडवट. तो वाईट असता तर आम्ही कदाचित लवकर घाबरलो असतो. पण तो वाईट नव्हता. बाबांच्या कपड्यांना तो यायचा म्हणून आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, एवढंच. एखाद्या दिवशी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांची नखं निळसर दिसत आणि डोकं ठणकत असे. "आज निळा पडलो जरा," ते सांगायचे. "आज ऊन लागलं" असं कुणी सांगावं तसं. सगळेच कामगार अधूनमधून निळे पडायचे. मग त्यांना बाहेर मोकळ्या हवेत बसवत आणि पेलाभर दूध देत. दुधाने सगळं उतरतं, असा सगळ्यांचा समज. आई रविवारी लिंबाची फोड घेऊन बाबांची नखं घासत बसायची. रंग वरून लागलाय असं तिला वाटायचं.

मग भोपाळची बातमी आली. त्यानंतर काही दिवस बायका पाणी भरताना कारखान्याच्या टाक्यांकडे बघायच्या. कारखान्याने एक भोंगा बसवला. तो कधी वाजवायचा हे आतल्यांना शिकवलं होतं म्हणे. वाजल्यावर आम्ही कुठे जायचं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. हळूहळू लोकांनी टाक्यांकडे बघणं सोडून दिलं. रोज भीत राहून माणसाला जगता येत नाही, आणि त्या टाक्यांवरच चाळीतल्या कितीतरी चुली पेटत होत्या.

कारखान्याच्या भिंतीच्या खालच्या अंगाला उतारावर भाजीचा एक मळा होता, आणि मळ्याच्या कडेला विहीर. पलीकडे जुनं गावठाण, कौलारू घरं, एक क्रूस. तिथली माणसं आमच्या कितीतरी आधीपासूनची, मराठी बोलणारी ख्रिस्ती. मळा ज्या बाईंचा होता त्यांना सगळी चाळ मावशी म्हणायची. विधवा बाई, साठीच्या आसपासची, काटक, लाल चौकडीचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. माठ, मुळा, पालक लावायची आणि सकाळी टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनाजवळच्या बाजारात जायची. मुलगा आखातात, सून आणि लहान नातू तिच्याजवळ.

चाळीच्या नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं, म्हणून आम्ही सगळे मावशीच्या विहिरीवर जायचो. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. आई आणि ती यांचं विशेष जमायचं. दिवाळीत आमच्याकडचा फराळ तिच्याकडे जायचा आणि नाताळात तिच्याकडून करंज्या यायच्या. त्या करंज्या आपल्यापेक्षा चांगल्या असतात हे आई दर वर्षी एकदाच, नाइलाजाने, कबूल करायची.

त्या दिवशी मी घरीच होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षा जवळ आली होती, आणि ओट्यावर ऊन खात वाचत बसले होते. थंडीचे दिवस. सकाळचं बाजाराचं काम उरकून मावशी मळ्यात आलेली दिसली होती. थोड्या वेळाने पॉलिशचा वास नेहमीपेक्षा जास्त यायला लागला. भिंतीपलीकडे माणसांची धावपळ ऐकू येत होती. भोंगा वाजला नाही. मी पुस्तकातून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं.

नंतर कळलं ते असं. टँकरमधून टाकीत माल घेताना पाइप सुटला. खाली तेलकट, पिवळसर द्रव पसरला आणि गटारात गेला. कारखान्याचं पावसाचं पाणी बाहेर जायला भिंतीत एक भोक होतं, ते मळ्याच्या बाजूला उघडायचं. तिथून तो ओघळ मावशीच्या पाटात उतरला. तिला वाटलं, गाडीचं तेल सांडलं असावं. माठाची कोवळी रोपं नुकती वर आली होती. ती कुदळ घेऊन अनवाणी त्या पाटात उतरली, माती ओढून बांध घालू लागली. एक बांध फुटला की दुसरा. हाताने चिखल थापला. लुगड्याचा काठ त्या तेलात भिजत राहिला. सकाळ सरेपर्यंत ती त्यात होती, आणि तिने तो ओघळ खरंच अडवला. विहिरीकडे जाणारा दुसरा ओघळ मात्र तिला दिसला नाही, कारण तो गवतातून गेला होता.

दुपारी ती आमच्या दाराशी आली. "बाय, जरा पानी दे," आईला म्हणाली, आणि उंबऱ्याला धरून उभी राहिली. आईने तांब्या भरून आणला आणि तिच्याकडे बघून थबकली. मावशीचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. जांभळांचे दिवस नव्हते.

"मावशी, तुका काय झाला गो?"

"मना काय झाला नाय. डोकं गरगरतंय. उन्हाचं असेल."

थंडीतलं कोवळं ऊन. आईने तिचा हात हातात घेतला, नखं बघितली. तशी नखं ती दर रविवारी लिंबाने घासत होती. ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "चेडवा, जा. बाबांका घेऊन ये. बोलत बसू नको."

मी धावत कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन आत सोडेना. तिथेच एक साहेब उभे होते, शर्टाच्या बाह्या वर केलेले, घामाघूम. मी सांगितलं की खालच्या मळ्यातली बाई निळी पडलीय. ते म्हणाले, "बाहेर काही गेलेलं नाही. आम्ही सगळं माती-भुसा टाकून आवरलंय." ते खोटं बोलत होते असं मला आजही खात्रीने म्हणता येत नाही. भिंतीपलीकडे जाऊन त्यांनी बघितलं नव्हतं, आणि बघायची त्यांना इच्छाही नव्हती. पण आतून बाबांनी माझा आवाज ऐकला. हातातलं फावडं भिंतीला टेकवून ते बाहेर आले. "कुठे निघालास?" साहेबांनी विचारलं. "घरी," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

घरी मावशी जमिनीवर टेकून बसली होती. बोलणं जड झालं होतं. बाबांनी एक नजर टाकली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दारापलीकडून ते आईला सांगत राहिले. लुगडं काढ. साबण लावून धू, पायापासून केसांपर्यंत. घासू नको, नुसतं भरपूर पाणी ओत. ते लुगडं घरात ठेवू नको. कारखान्यात अंगावर माल उडाला की तसंच करत. नळाचं साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं पाणी आम्ही मावशीवर ओतलं. ती लाजत होती, मधेच कण्हत होती. आईने तिला आपली पाचवारी साडी गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा पाचवारी नेसलेय, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि मग तिची मान कलली.

रिक्षात मावशीला मधे बसवून बाबा आणि मी पालिकेच्या इस्पितळात गेलो. आई मागे राहिली. मावशीची सून नातवाला घेऊन माहेरी गेली होती, तिला निरोप धाडायचा होता, आणि आईच्या डोक्यात तेव्हाच दुसरं काहीतरी सुरू झालं होतं, ते मला संध्याकाळी कळलं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई ड्युटीवर होत्या. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. पण मावशीचे ओठ जसेच्या तसे. त्यांनी छाती तपासली, नाडी बघितली, कपाळाला आठी घातली. मग सुईने रक्त काढलं. मी जवळच उभी होते. रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं, जुन्या डागासारखं. डॉक्टरीणबाई ती नळी उजेडाकडे धरून बघत राहिल्या.

एवढ्यात ते गेटवरचे साहेब कारखान्याच्या गाडीतून आले. ते आले, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने नोंदवते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "बाई भाजी पिकवते. किडीचं औषध मारलं असेल. आमच्याकडून साबणाचं पाणी तेवढं गेलं होतं थोडं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडीच्या औषधाचा इलाज वेगळा आणि ह्याचा वेगळा. मला अंदाज आहे. पण अंदाजाने चुकीचं इंजेक्शन दिलं तर ह्या वाचणार नाहीत. कुणाला नक्की माहीत आहे का, काय सांडलं होतं?"

साहेब रुमाल काढून कपाळ पुसू लागले. बाबा भिंतीशी उभे होते. त्यांच्या अंगावर कारखान्याचे खाकी कपडे होते आणि त्यांना पॉलिशचा वास येत होता. संपाची ती सगळी वर्षं, ओट्यावर बसून काढलेल्या दुपारी, सगळं त्यांच्या तोंडावर मला दिसलं. खरंच दिसलं की आता तसं वाटतं, कोण जाणे. मुलीला बापाच्या तोंडावर हवं ते दिसतं.  बाबा भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"नायट्रोबेंझिन," ते म्हणाले. "आम्ही एनबी म्हणतो. सकाळी टँकरचा पाइप सुटला. ही बाई त्यात अनवाणी होती."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हवं होतं तेच मिळालं, आणि नर्सला हाक मारली. इंजेक्शन आणलं ते शाईसारखं गडद निळं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध, हे मला विचित्र वाटलं. त्यांनी ते शिरेतून हळूहळू दिलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. काही वेळाने मावशीच्या ओठांच्या कडेचा रंग उतरायला लागला, आणि मग जीभ, आणि मग नखं. मी तेव्हा रडले. बाबा उठून व्हरांड्यात गेले.

व्हरांड्यात साहेब होतेच. "तू काय केलंस हे तुला कळतंय ना?" त्यांनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता, उलट थकलेला होता.

"हो साहेब," बाबा म्हणाले.

मी घरी परतले तेव्हा दिवस मावळायला आला होता. विहिरीवर गर्दी होती. आईने रहाटावरचा दोर सोडवून घेतला होता आणि त्याची गुंडाळी मांडीवर घेऊन ती कठड्यावर बसली होती. भोवती हंडे-कळशा घेतलेल्या चाळीतल्या बायका. सगळ्या तापलेल्या.

"नळाला पाणी नाय, आणि तू दोर काढून बसलीस? तुझ्या बापाची विहीर आहे का?"

"माझ्या बापाची नाय आणि तुझ्याही बापाची नाय. जिची आसा ती इस्पितळात आसा," आई म्हणाली. तिने एक बादली आधीच काढून ठेवली होती. "वास घेऊन बघ. मगे दोर देतंय."

एकेकजण वाकली. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी बारीक साय होती. ज्यांनी वास घेतला त्या मागे सरल्या. पण शेजारची एक बाई बादलीवरून उठली आणि म्हणाली, "हा वास आजचा नाही. मला गणपतीपासून येतोय. मी म्हटलं, हंडाच नीट घासला गेला नसेल."

 मग दुसरीने सांगितलं की तिच्या धाकट्याचं पोट पावसाळ्यापासून धड नाही. तिसरी म्हणाली, डोकं दुखतं म्हणून ती गोळ्या खाते आहे. ज्या गोष्टी प्रत्येकीने आपल्या घरात, आपल्याच नशिबाच्या म्हणून ठेवल्या होत्या, त्या तिथे विहिरीच्या कठड्यावर एकापुढे एक येत गेल्या. त्यातलं किती त्या पाण्याचं आणि किती साधंच, हे मला माहीत नाही. पुढेही कुणाला कळलं नाही. पण त्या संध्याकाळी बायका रिकाम्या कळशा घेऊन परतल्या.

मावशी इस्पितळात बरेच दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी ओठ पुन्हा काळवंडले. डॉक्टरीणबाईंनी तसं होईल हे सांगून ठेवलं होतं. अंगात मुरलेलं हळूहळू बाहेर येतं, त्या म्हणाल्या, आणि पुन्हा इंजेक्शन दिलं. त्या औषधाने मावशीची लघवी निळी-हिरवी व्हायला लागली. ती आईच्या कानात म्हणाली, "बाय, मना आतून नीळ घातली यांनी. आता मी धुतलेल्या सदऱ्यासारकी." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा मला वाटलं, ही जगणार.

इकडे चाळीत फाटाफूट झाली होती. पालिकेची माणसं येऊन विहिरीचं पाणी बाटल्यांत घेऊन गेली. पाणी पिण्यालायक नाही असा निर्णय आला, आणि पाण्याचा टँकर येऊ लागला. मग बातमी फिरली की सरकारी माणूस चौकशीला येणार, कारखाना बंद होणार. ज्या बायकांनी बादलीचा वास घेतला होता त्यांच्यापैकीच एकीने आईला ओट्यावर गाठलं. तिचा नवरा कारखान्यात बाबांच्याच पाळीला होता. "कारखाना बंद पडला तर आमची पोरं तू पोसणार आहेस का?" तिने विचारलं.  आई घरात आली आणि तांदूळ निवडत बसली, बराच वेळ, निवडून झालेले तेच तेच तांदूळ.

त्या रविवारी दुपारी जेवताना बाबांनी सांगितलं की साहेबांनी बोलावलं होतं. चौकशीच्या माणसापुढे एवढंच सांग, ते म्हणाले होते, की ती बाई कारखान्याचे रिकामे ड्रम पाणी साठवायला नेत असे. तेवढं सांगितलंस की तुझी नोकरी पक्की.

"नेत होती काय?" आईने विचारलं.

"कधीच नाय."

"मगे काय सांगतलास?"

"बघतो म्हटलं."

आईने वाढता वाढता हात थांबवला. बाबा खाली मान घालून भात कालवत होते. "संप फुटला तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, आपल्या बाजूने कुणीच खरं बोललं नाही," ते म्हणाले. "आणि आता मीच..."   आईने त्यांच्या भातावर आमटी ओतली.

चौकशीचा माणूस आला तेव्हा बाबांनी त्याला भिंतीतलं भोक नेऊन दाखवलं. पाइप कुठे सुटला, ओघळ कसा गेला, सगळं. ड्रमांचं कुणी विचारलं तर, "मी तरी तिला ड्रम नेताना पाहिलं नाही," एवढं बोलले.

कारखाना बंद पडला नाही. टाकीभोवती सिमेंटचा बांध झाला, भिंतीतलं भोक बुजवलं, विहिरीवर फरशी बसवली. चाळीच्या नळाला बरं पाणी यायला लागलं, ते कुणाच्या खटपटीने ते कळलं नाही. बाबांना काढलंही नाही. फक्त त्यांना आतल्या कामावरून मागच्या अंगणात ड्रम धुवायला लावलं, एकट्याला. पूर्वी ज्यांच्याबरोबर ते चहा प्यायचे ते दुसरीकडे बसू लागले. बाबा घरी जेवायला येत होते ते बरंच, असं आई म्हणायची. पण ते कमी जेवायचे.

मावशी घरी आली. पाटाच्या कडेने माठाचं एकही रोप राहिलं नव्हतं, माती काळपट झाली होती. मळ्याच्या वरच्या अंगाला मात्र मुळा झकास वाढला होता, पांढरा, जाड. लोक म्हणाले, तिकडे काही पोचलेलं नाही, बाजारात ने. तिने एक मुळा उपटला, वास घेतला आणि बांधावर टाकला. "जो मी माज्या नातवाला घालनार नाय, तो दुसऱ्याच्या पोराला कसा इकू?" ती म्हणाली. सगळा मुळा तिने उपटून खड्ड्यात पुरला. आई तिच्याबरोबर उपटायला गेली होती, मीही गेले. त्यानंतर तिने तिथे काही लावलं नाही. उन्हाळ्यात लोकांचे मसाले भाजून कुटून देऊ लागली, आणि त्यात तिचं भागू लागलं.

त्या डॉक्टरीणबाई मात्र आम्हाला विसरल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्या गावठाणातल्या चर्चच्या पडवीत येऊन बसायच्या, टेबल-खुर्ची आणि एक नर्स घेऊन. मुलांचं, बायकांचं रक्त तपासायच्या. पाणी कुठलं पिता, नवरा कुठे कामाला, डोकं कधी दुखतं, असं शांतपणे विचारायच्या. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून नळ्यांवर चिकटपट्ट्या लावायचे. पुढे मी पॅथॉलॉजीचं शिकले आणि आयुष्यभर लोकांची रक्तं तपासत राहिले, त्याची सुरुवात ती पडवी. एकदा मी त्यांना विचारलं, आमच्या चाळीतल्या लोकांना पुढे काही होईल का? त्या म्हणाल्या, "होईलही, नाहीही. ज्याच्या अंगावर सांडतं तो दिसतो. रोज थोडं थोडं पाण्यातून जातं, त्याचा कुणी माग ठेवत नाही. म्हणून आपण निदान विचारत राहायचं."

बाबा त्या पडवीत कधी आले नाहीत. शेवटी आईच एकदा त्यांना घेऊन आली, हाताला धरून नाही, पण जवळपास तसंच. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त काढलं. मावशीच्याइतकं काळं नव्हतं, पण माझ्या रक्ताच्या शेजारी धरलं तर फरक कुणालाही दिसला असता. "हे काम तुम्ही सोडलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि दूध पिऊन काही होत नाही, तेही सांगते."

"सोडून काय करू?" बाबांनी विचारलं. ते भांडत नव्हते, खरंच विचारत होते.

 ह्याचं उत्तर आईने शोधलं. मावशीच्या ओळखीने, चर्चच्या फादरांच्या ओळखीने, चार दारं ठोठावून, मुलुंडच्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली. बाबांनी नोकरी सोडली तेव्हा ते साहेब गेटपर्यंत आले होते, असं बाबा सांगायचे.  हात पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या माणसाला मला नुसता वाईट म्हणून सोडून देता आलेलं नाही. तो ज्या खुर्चीत होता तिथून भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं, आणि खुर्ची टिकवायची तर न दिसणंच बरं होतं.

बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले. रक्त कायम कमी, चालताना दम लागायचा. ते कारखान्याचं होतं की गिरणीतल्या कापसाचं की वयाचं, ते कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि माझं तर कामच ते होतं.

शाळेतला पहिला दिवस संपवून ते घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. तिने विचारलं, काम कसला आसा?

"घंटा द्यायची," बाबा चपला काढत म्हणाले. "फळे पुसायचे. मुलांना पाणी ठेवायचं."

"पाणी खयचा?"

"नळाचं. मी आधी पिऊन बघितलं."

आईने मान हलवली आणि ताट वाढायला आत गेली.